शिष्टाचं उत्तर

आमच्या घरात मोठ्याने बोलायची मुभा फक्त एका पक्ष्याला होती, आणि तो काही घरात राहत नव्हता. लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या सकाळी सासऱ्यांनी मला टेबलाशी बसवलं आणि टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं. आधी नुसती खरखर. मग तीन बारीक शिट्ट्या, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडी वर चढलेली. शेवटी एक टिचकी, आणि तिच्या पाठोपाठ एक दाबलेला खोकला.

"शिट्ट्या त्याच्या, खोकला माझा," सासरे म्हणाले. "सकाळपासून दाबून धरला होता. नेमका तेव्हाच निसटला."

मी हसले. माझा नवरा आणि नणंद डोळे मिटून ऐकत होते, त्यांच्यापैकी कुणीच हसलं नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं की मी कुठे येऊन पडले आहे.

पक्षी म्हणाल तर मुठीत मावेल एवढा. तांबूस छातीचा माशीमार. डोंगरावर जिथे ढग अडकून बसतात अशा एकाच दरीतल्या जंगलात राहायचा, बारक्या फांदीवर बसून उडत्या माश्या टिपायचा आणि पुन्हा त्याच फांदीवर येऊन बसायचा. जगात दुसरीकडे कुठेच नाही. तज्ज्ञांनी तो संपला असं धरून टाकलं होतं, तेव्हा सासऱ्यांनी तो पुन्हा शोधून काढला. शाळेत भूगोल शिकवणारा माणूस, पण त्या एका पक्ष्यामुळे परदेशातून लोक त्यांना भेटायला येत.

घरात त्या पक्ष्याला कुणी माशीमार म्हणत नसे. त्याचं नाव शिष्ट. कारण हाक मारली की तो लगेच उत्तर देत नाही. सासऱ्यांची पद्धत ठरलेली होती. सूर्य वर यायच्या आधी दरीच्या काठाशी बसायचं, त्याचाच आवाज तीनदा लावायचा आणि मग चहा गार होईपर्यंत गप्प राहायचं. "घाई केलीत तर तो बोलणार नाही," ते सांगत. "ऐकून घेतो, विचार करतो, मग बोलतो. तुमच्यासारखा नाही." हे शेवटचं वाक्य आपल्या दोन्ही मुलांकडे बघून.

त्यात खोटं काही नव्हतं. दोघंही नाकावर माशी बसू न देणारी. हे वनखात्यात, जंगलाच्या नकाशांच्या कामावर. धाकटी विद्यापीठात पक्षी शिकवणारी. लहानपणापासून बापाच्या मागे दरी चढलेली, आणि बाप कुणाचा जास्त यावरून लहानपणापासून भांडलेली. मी चष्म्याचं दुकान चालवते. दिवसभर लोकांना "आता स्पष्ट दिसतंय का?" असं विचारते. घरी हा प्रश्न विचारायची सोय नव्हती.

सासऱ्यांची छाती शेवटी शेवटी फार कमजोर झाली होती. डॉक्टरांनी जिनासुद्धा चढू नका म्हणून सांगितलं होतं. पण पावसाळा सरला, आकाश मोकळं झालं, आणि त्यांनी दरीचा ध्यास घेतला. ह्यांनी साफ नाही म्हटलं. मग धाकटी आली आणि त्यांना गाडीत घालून घेऊन गेली. त्यांना शिष्ट ऐकू आला. परत आले तेव्हा चेहरा लहान मुलासारखा उजळला होता. आठवड्याच्या आत ते गेले.

त्यांना पोचवून आल्यावर, घर माणसांनी भरलेलं असताना, ह्यांनी धाकटीला म्हटलं, "तू नेलंस म्हणून बाबा गेले."

जिभेला हाड नसतं म्हणतात ते काय, ते मी त्या दिवशी पाहिलं. धाकटीने चपला घातल्या आणि निघून गेली. जाताना टेपची एक प्रत घेऊन गेली, एक ह्यांच्याकडे राहिली. तेव्हापासून दोघांचा अबोला. मी मध्यस्थी करून पाहिली. ती म्हणाली, "वहिनी, त्याने ते वाक्य मागे घेतलं तर बघू." हे म्हणाले, "खोटं काय बोललो मी?" मी कपाळाला हात लावला आणि दुकानाचं शटर उघडायला गेले. पुढे तिने आमच्या घरी फोन करणंच सोडलं. तिची खबर कळायची ती ह्यांच्या आत्याबाईंकडून, तीही शिळी.

दरी मात्र कुणीच सोडली नाही. दरवर्षी बाबा गेले त्या तारखेला हे पहाटे निघायचे. गाडी मी चालवायची, कारण ह्यांनी चाक हातात घेतलं की नजर रस्त्यावर कमी आणि झाडांवर जास्त. मी खाली पुलाशी गाडीत बसून राहायची, हे वर चढून जायचे. बाबांचीच जागा, बाबांचीच वेळ, तीन हाका आणि चहा गार होईपर्यंत शांतता. टेपचा आवाज ह्यांनी संगणकावर स्वच्छ करून घेतला होता. खरखर काढली, खोकला कापला. खाली उतरायचे तेव्हा मला त्यांच्या चालण्यावरूनच कळायचं.

"आलं उत्तर?"

"आलं. पलीकडून. लांबून आलं, पण आलं." मग वाटेत गाडी थांबवायला लावायचे, भरपेट खायचे, जुन्या गोष्टी सांगायचे. वर्षातला तेवढा एक दिवस मला माझा नवरा परत मिळायचा. म्हणून मला तो पक्षी आवडायचा, खोटं कशाला बोलू?

हे सगळं ते एका समितीला कळवायचे. कुठला प्राणी किती संकटात आहे हे ठरवणारी ही समिती. तिच्या पायऱ्या असतात: आधी काळजी करण्यासारखा, मग संकटात, मग अतिसंकटात, आणि शेवटी जिथून खाली पायरीच नाही, ती. शिष्ट संकटात होता, पण अतिसंकटात नव्हता. जवळजवळ दरवर्षी दरीच्या दोन्ही उतारांवरून तो ऐकू येतो अशी नोंद होती. ह्या उतारावरून आमच्या ह्यांची. त्या उतारावरून कुणाची, हे मला माहीत नव्हतं, आणि ह्यांना कळलं असतं तरी त्यांनी ते घरात बोलून दाखवलं नसतं.

मध्यंतरी समितीच्या जुन्या अध्यक्षांनी एक सूचना मांडली होती. आहेत तेवढ्यातल्या काही जोड्या पकडून आणाव्यात, बंदिस्त जागेत वाढवाव्यात आणि पिलं परत जंगलात सोडावीत. ह्यांनी त्याविरुद्ध लांबलचक पत्र लिहिलं. मला वाचून दाखवलं. जंगलात जो पक्षी हाकेला ओ देतोय त्याला पिंजऱ्यात कशासाठी घालायचं, असं त्यात होतं. सूचना बारगळली. त्या दिवशी हे शीळ घालत घरभर फिरले.

नंतर समितीवर नव्या बाई आल्या. चाळिशीच्या, आवाज हळू, पण मुद्दा सोडणाऱ्यातल्या नव्हेत. त्यांनी कळवलं की यापुढे नुसतं "ऐकलं" म्हणून चालणार नाही, ऐकलेलं ध्वनिमुद्रित करून पाठवा. हे चिडले. "बाबांच्या शब्दावर जग विश्वास ठेवायचं," म्हणाले. पण त्या वर्षी मायक्रोफोन घेऊन गेले आणि ध्वनिमुद्रण पाठवलं. काही दिवसांनी बाईंनी भेटायला बोलावलं.

समितीचं कार्यालय एका जुन्या बँकेच्या वरच्या मजल्यावर होतं. लांब टेबल, भिंतीवर नकाशे, खिडकीत वाळलेलं झाड. मला बाहेर बसा असं कुणी म्हटलं नाही, म्हणून मी आत बसले. आणि टेबलाच्या पलीकडच्या टोकाला धाकटी बसली होती. केस पांढरे झालेले, चष्मा चुकीच्या नंबरचा. डोळे बारीक करून बघत होती, त्यावरून मला लगेच कळलं. ह्यांनी तिच्याकडे बघितलं आणि नकाशा वाचायला लागले. तो नकाशा त्यांनी स्वतःच काढलेला होता.

"तुम्ही दोघं ठरवून जात असाल असं आम्ही धरून चाललो होतो," बाई म्हणाल्या. "एकाच दिवशी, एकाच वेळी, समोरासमोरच्या उतारांवर. आम्हाला वाटलं, एकजण आवाज लावतो आणि दुसरा ऐकतो."

"आम्ही ठरवून काहीही करत नाही," हे म्हणाले.

"मी माझ्या वडिलांच्या दिवशी जाते," धाकटी म्हणाली. बाईंना म्हणाली, ह्यांना नाही.

"आणि दोघंही आवाज लावता?"

दोघांनीही एकदमच मान डोलावली. बाईंनी संगणक आमच्याकडे वळवला. "हे तुमचं ध्वनिमुद्रण," ह्यांना म्हणाल्या. "पलीकडून आलेलं उत्तर. वाऱ्याचा आवाज काढून टाकलाय आणि बाकीचं मोठं केलंय."

तीन शिट्ट्या आल्या, एकापेक्षा एक वर चढणाऱ्या. मग टिचकी. आणि मग, अगदी पुसट पण स्पष्ट, एक दाबलेला खोकला.

"पक्षी खोकत नाहीत," बाई हळूच म्हणाल्या.

सासऱ्यांना जाऊन इतकी वर्षं झाली होती आणि ते त्या खोलीत खोकले होते. ह्यांनी दोन्ही हात टेबलावर टेकवले. त्यांनी आपल्या प्रतीतून तो खोकला कापला होता. धाकटीला तो कापवला नव्हता.

मग बाईंनी धाकटीचं ध्वनिमुद्रण लावलं. त्यात टिचकीनंतर आवाज कापल्यासारखा एकदम थांबत होता. ती ह्यांची स्वच्छ केलेली प्रत. दोघंही बाबांच्या पद्धतीला इतकी चिकटून की एकाच्या तीन हाका संपून शांतता सुरू झाली की दुसऱ्याच्या हाका सुरू व्हायच्या. ती चहा गार व्हायची वाट बघत बसायची तेव्हा हे लावायचे. हे वाट बघायचे तेव्हा ती लावायची. दरी ओलांडून पलीकडे जायला वाट नव्हती, रस्त्याने वळसा घालून अर्धा दिवस लागायचा. मध्ये दाट झाडी आणि धुकं. वर्षानुवर्षं ही दोघं एकमेकांना उत्तर देत होती, आणि शिष्ट बोलला म्हणून आनंदाने घरी जात होती.

"भाऊ-बहीण एकमेकांशी बोलत नसतील असं आम्हाला कसं सुचणार?" बाई म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, म्हणून तर ते जास्त लागलं.

घरी येताना मी गाडी नेहमीपेक्षा जोरात हाकली. रागच आला होता मला. ह्यांचा, तिचा, आणि त्या घमेंडीचा, जी या घरात बापाकडून मुलांकडे नाकाच्या ठेवणीसारखी आली होती. दुसऱ्या दिवशी दुकानात एका गिऱ्हाइकाला उजव्या डोळ्याची काच डाव्या डोळ्याला बसवून दिली. बिचारा वापरून बघतो म्हणाला.

बाईंनी पुढच्या हंगामासाठी नीट बेत आखला. दरीत ठिकठिकाणी आवाज टिपणारी यंत्रं झाडांना बांधायची. माणसांनी रोज पहाटे बसायचं आणि नुसतं ऐकायचं. आवाज कुणीही लावायचा नाही. बाबांच्या दिवशी ही दोघं आपापल्या उतारावर बसणार होती.

त्या वर्षी मी पहिल्यांदा वर चढले. ह्यांनी नको म्हटलं नाही. वाट शेवाळलेली, प्रत्येक फांदीवरून पाणी ठिबकत होतं. झाडांच्या बुंध्यांवर नेचे, त्यांच्यावर आणखी बारीक नेचे. ह्यांनी एका आडव्या पडलेल्या ओंडक्यावर मला बसवलं. तो सासऱ्यांची बसायची जागा म्हणून इतका झिजला होता की बसताच शरीर आपोआप घसरून बरोबर जागी येत होतं. उजाडायला लागलं. एक एक करून बाकीचे पक्षी बोलायला लागले. ह्यांनी प्रत्येकाचं नाव ओठांतल्या ओठांत घेतलं. मग ते सगळे बोलून झाले.

आम्ही वाट बघितली. फांद्यांवर ऊन आलं. समोरच्या उतारावर, धुकं फाटलं तेव्हा, एक निळा ठिपका दिसला, माणसाच्या कोटाएवढा. ती धाकटी होती. इतकी वर्षं ती तिथेच होती आणि एकदाही धुकं फाटलं नव्हतं, किंवा फाटलं असेल आणि ह्यांनी वर झाडांत बघितलं असेल.

हे रडले. आवाज न करता. जंगलात आवाज करायचा नाही ही शिकवण त्यांनी तेव्हाही मोडली नाही. मी पाठीवर हात ठेवून बसून राहिले.

हंगाम संपेपर्यंत यंत्रांनी सगळं टिपलं. पाऊस, माकडं, बेडूक, लांबच्या रस्त्यावरचे ट्रक. शिष्ट कुठेच नाही.

मग पुन्हा तेच लांब टेबल. यावेळी बाईंनी खुर्च्या जवळजवळ ठेवल्या होत्या. त्यांना एक गोष्ट हवी होती. पक्षी खात्रीने शेवटचा कधी ऐकला गेला? ते वर्ष नोंदवल्याशिवाय शेवटची पायरी लिहिता येत नाही.

"खात्रीने कसं सांगणार?" हे म्हणाले. "आता कुठल्याच वर्षाची खात्री नाही. सगळी हिचीच उत्तरं असतील."

त्यांनी "हिची" म्हटलं. माझ्या ते लक्षात आलं आणि धाकटीच्याही.

"एक वर्ष मी नव्हते," ती म्हणाली. "पाय प्लास्टरमध्ये होता. विद्यापीठाच्या जिन्यावर पडले होते."

आत्याबाईंकडून मलाही ते कळलं होतं, प्लास्टर निघून गेल्यावर. मी वर्ष सांगितलं. बाईंनी ह्यांची त्या वर्षीची नोंद काढली आणि वाचली. तीन हाका, शांतता, पलीकडच्या उतारावरून स्पष्ट उत्तर. त्याच क्षणी आणखी एक उत्तर, जवळून.

"जवळून," हे म्हणाले. "हो. मला आठवतंय. अगदी डोक्यावरच्या फांदीत आला होता."

म्हणजे त्या वर्षी शिष्ट होता. एक नाही, निदान दोन तरी. बाईंनी ते वर्ष लिहिलं. मग पेन खाली ठेवलं, आणि जे त्यांना सांगायचं नव्हतं ते त्यांनी सांगितलं. जोड्या पकडून आणायची जुन्या अध्यक्षांची सूचना त्याच्या पुढच्याच वर्षी आली होती. ती दोन पत्रांमुळे फेटाळली गेली. एक ह्यांचं. दुसरं धाकटीचं. मजकूर जवळपास एकच.

भांडण झाल्यापासून या दोघांचं एकमत झालं ते तेवढ्या एका गोष्टीवर. आणि तेही एकमेकांना न कळता.

बाई अंतिम कागद छापून आणायला बाहेर गेल्या. खोलीत आम्ही तिघंच उरलो. खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत राहिलं होतं. मी उठून खिडकी लावली.

"तुझा पाय मोडला म्हणून एवढं तरी कळलं," हे म्हणाले. ते हसायचा प्रयत्न करत होते, पण जमत नव्हतं.

"हं," धाकटी म्हणाली.

"बाबांना तू नेलंस ते बरं केलंस. त्यांना ऐकायला मिळाला. मला हे तेव्हाही कळत होतं."

धाकटीने चष्मा काढला आणि कोटाच्या टोकाला पुसत राहिली. ते वाक्य ऐकण्यासाठी ती इतकी वर्षं थांबली होती, आणि आता ते आलं तर त्याचा उपयोग काय, हे तिच्या चेहऱ्यावर मला स्वच्छ दिसत होतं.

"त्या वर्षी मी फोन करून नुसतं विचारलं असतं," हे म्हणाले, "तू कधी जातेस, कुठे बसतेस, तर आपणच एकमेकांना उत्तर देतोय हे तेव्हाच उघड झालं असतं. पक्षी होता गं. पकडून आणता आला असता. आज पिलं असती त्याची."

"मी फोन उचलला नसता, दादा."

"माहीत होतं मला. म्हणून तर केला नाही."

धाकटीने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पहिल्यांदाच सरळ ह्यांच्याकडे बघितलं. "मग परत करायचा होतास," ती म्हणाली. "आणि नसता उचलला तर आणखी परत. शिष्टासाठी आपण दोघंही थंडीत चहा गार होईपर्यंत वाट बघत बसत होतो की नाही? माझ्यासाठी एवढी वाट बघायला काय झालं होतं तुला? आणि मला तुझ्यासाठी?"

बाई कागद घेऊन आल्या. माशीमाराच्या नावापुढे "बहुधा नामशेष" असं लिहिलं होतं. दोघांनी त्याखाली सह्या केल्या.